दोन सूत, नऊ छर्रे

साध्या काळ्या सायकलच्या मागच्या हबमध्ये बहुधा दर बाजूला दोन सूत, म्हणजे पाव इंच जाडीचे नऊ छर्रे बसतात. पुढच्या हबमध्ये दीड सुती दहा. स्वाराचा सगळा भार पेलत चाक फिरते ते या छर्‍यांवर. पॅरिसच्या ज्यूल स्युरिरेने सायकलच्या बॉल बेअरिंगचे पेटंट घेतले १८६९ मध्ये. त्याच वर्षी पॅरिस ते रूआँ ही शर्यत जेम्स मूरने अशाच बेअरिंगच्या सायकलवर जिंकली.

पुढे रूढ झालेली जोडणी म्हणजे कप आणि कोन. हबमध्ये कप, एक्सलवर आट्यांनी चढणारा कोन, मध्ये छर्रे आणि ग्रीस. खरे कसब कोन आवळण्यात आहे. जास्त आवळला तर छर्रे कोनाला खड्डे पाडतात, सैल राहिला तर चाक डुगडुगते. त्यात कोन जागी धरणारा चेकनट घट्ट करताना कोन पुन्हा सरकतो, म्हणून दोन पाने एकाच वेळी धरावे लागतात. क्विक रिलीजच्या चाकात तर किंचित ढिलाई मुद्दाम ठेवतात, कारण लिव्हर दाबला की एक्सल थोडा आकसतो आणि ती ढिलाई भरून निघते. अचूक बसलेले चाक उचलून सोडले, तर जड बाजू आपोआप खाली येऊन थांबते.

छर्रे सुटे बसवावेत की पत्र्याच्या जाळीत, यावर मात्र एकमत नाही. जाळीतले छर्रे झटपट बसतात आणि हातातून सांडत नाहीत. पण जाळी जागा खाते. बॉटम ब्रॅकेटमध्ये, म्हणजे पेडलच्या क्रँकच्या धुर्‍याशी, दर बाजूला सुटे अकरा मावतात, जाळीत बहुधा नऊच, म्हणजे प्रत्येक छर्‍यावर भार जास्त. मी सुट्यांच्या बाजूचा आहे. वंगणाचेही तसेच. जुन्या हबवर तेलाचे भोक असे, दर काही दिवसांनी घातलेले तेल घाण बाहेर ढकलत असे. ग्रीस अधिक काळ टिकते, पण घाणही धरून ठेवते.

१९७१ मध्ये कॅलिफोर्नियातील फिल वुडने बंद कार्ट्रिज बेअरिंगचे हब आणले आणि दुसरा पंथ सुरू झाला. त्यात कोन जुळवणे नाही. बिघडले की ठोकून काढायचे आणि नवे दाबून बसवायचे. पाणी-चिखलात याचा फायदा मोठा. तरी शिमानोने आपल्या सर्वांत महागड्या ड्युरा-एस चाकांतही कप-कोनच ठेवला, कारण तो बाजूचा ताणही चांगला पेलतो.

रोजच्या वापराच्या सायकलला माझ्या मते कप-कोनच बरा. कोन आणि छर्रे स्वस्त, कोपर्‍यावरच्या दुकानात मिळणारे. ते वेळेवर बदलले तर हब पिढ्यान्‌पिढ्या चालतो. पावसाळा संपला की हब उघडा, रॉकेलने धुवा, नवे ग्रीस भरा. आणि छर्रे बदलायचे तर त्या बाजूचे सगळे एकदम बदला. जुन्या झिजलेल्यांत एकच नवा घातला, तर सारा भार त्याच्यावर येतो.