हायमास्ट मिळतो, वायरमन मिळत नाही

२१ डिसेंबर २०२५ ला नगरपालिकांचे निकाल लागले, गुलाल धुऊन झाला, आणि नंतर राज्यभरातल्या जिल्हा पानांवर एकच फोटो वेगवेगळ्या गावांच्या नावाने छापून येऊ लागला. मधे पालकमंत्री, शेजारी नवे नगराध्यक्ष, दोघांच्या हातात मिळून एक कागद, आणि मागे टाचा उंचावून कॅमेऱ्यात यायची धडपड करणारे नगरसेवक. मथळाही ठरलेला : शहराच्या विकासासाठी जिल्हा नियोजनमधून इतक्या कोटींची मागणी.

फोटो सगळे बघतात, तो कागद मात्र कुणी वाचत नाही. वाचण्यासारखा तो असतो. अंतर्गत रस्त्यांचं काँक्रिटीकरण, बंदिस्त गटार, पेव्हर ब्लॉक, चौक सुशोभीकरण, ओपन जिम, स्मशानभूमीला शेड, अमुक वस्तीत सभामंडप, तमुक चौकात हायमास्ट. गाव विदर्भातलं असो की कोकणातलं, नावं बदलली की यादी तीच. आणि ज्या गोष्टींसाठी नागरिक रोज नगरपालिकेच्या नावाने बोटं मोडतात, त्यातलं या यादीत फारसं काही सापडत नाही. पाणीपुरवठ्याची जळालेली मोटर, सफाई कामगारांची रिकामी पदं, बंब आहे पण चालवायला माणूस नाही ही अवस्था, महावितरणची थकबाकी. मतं मागताना हेच विषय होते. मागणीपत्र लिहिताना ते कुठे गेले?

नगराध्यक्षांना कळत नाही, असं मुळीच नाही. त्यांना नको तितकं कळतं. जिल्हा वार्षिक योजनेतला पैसा लेखाशीर्षांच्या खणांतून येतो. नगरविकासाचे मोठे खण तीन : जिल्हास्तर नगरोत्थान, नागरी दलितेतर वस्ती सुधारणा, आणि अण्णाभाऊ साठे यांच्या नावाची नागरी वस्ती सुधार योजना. तिन्ही खण मुख्यतः बांधकामाचे आहेत. माणूस नेमणं, दुरुस्ती करणं, बिल भरणं यांना तिथे जागा नाही. मग खणात मावेल तेच मागायचं. गावाला काय हवंय हा प्रश्न बाजूला राहतो आणि कुठल्या हेडमधून काय बसेल, एवढाच उरतो. कचेरीतला अनुभवी लिपिक नव्या नगरसेवकाला पहिल्या आठवड्यात शिकवतो ते हेच.

हायमास्टचंच घ्या. माझा या दिव्यावर जरा जास्त राग आहे, हे आधीच सांगतो. सोळा-वीस मीटरचा गॅल्व्हनाइज्ड खांब, वर दिव्यांचं कडं, ते खाली-वर करायला आत विंच. चार-सहा नगरसेवकांच्या उपस्थितीत नारळ फुटतो, पहिल्या रात्री चौक लख्ख होतो. खर्च जिल्हा नियोजनचा. दुसऱ्या दिवसापासून वीजबिल नगरपालिकेचं. हमीचा काळ संपला की दुरुस्ती नगरपालिकेची. पहिला पावसाळा जातो, दोन दिवे जातात, विंचची दोरी गंजते, आणि ते कडं खाली उतरवता येईल असा माणूस आस्थापनेवर नसतो. वायरमनचं पद मंजूर असतं, भरलेलं नसतं. मग दिवा बंद. नागरिक तक्रार करतात. त्यावर उपाय काय? पुढच्या वर्षीच्या यादीत शेजारच्या चौकात नवा हायमास्ट.

ही थट्टा वाटेल, पण हिशेब सरळ आहे. जिल्हा नियोजनमधून आलेली प्रत्येक नवी वस्तू नगरपालिकेच्या महसुली खर्चात कायमची भर घालते. उद्यान म्हणजे माळी आणि पाणी, जलकुंभ म्हणजे पंपाची वीज, सभागृह म्हणजे रखवालदार. जितका निधी आणाल तितके पुढे कंगाल व्हाल. ‘निधी खेचून आणणारा नगराध्यक्ष’ अशी फ्लेक्सवर ज्याची तारीफ होते, तो आपल्या वारसदारासाठी बिलं ठेवून जातो.

नगरपालिकेची स्वतःची कमाई कुठे गेली, हे जुन्या जाणत्यांना ठाऊक आहे. शहराच्या वेशीवरची जकात. लहान नगरपालिकांची जकात १९९९ मध्ये गेली. महापालिकांना २०१० पासून एलबीटी, म्हणजे स्थानिक संस्था कर, आला आणि २०१५ च्या ऑगस्टमध्ये बहुतांश व्यापाऱ्यांपुरता तोही संपला. मुंबईचे जकात नाके १ जुलै २०१७ ला जीएसटीबरोबर बंद झाले. जकातीतल्या भ्रष्टाचारासाठी मी गळा काढणार नाही. नाक्यांवरच्या रांगा आणि चिरीमिरी ज्यांनी पाहिली त्यांनाही ती परत नको असेल. पण तो पैसा गावाचा होता, गाव वाढलं की वाढत होता, आणि त्यासाठी कुणाला निवेदन द्यावं लागत नव्हतं. त्याच्या जागी अनुदान आलं. लहान नगरपरिषदांत या सहायक अनुदानाचा मोठा भाग पगारातच जिरतो.

उरली मालमत्ता पट्टी. तिच्यातही राज्य सरकारचा हात आहे. मुंबईत पाचशे चौरस फुटांपर्यंतच्या घरांची पट्टी माफ करण्याचा निर्णय जानेवारी २०२२ मध्ये मंत्रिमंडळाने घेतला, महापालिकेची निवडणूक तोंडावर असताना. उत्पन्न महापालिकेचं, टाळ्या मंत्रिमंडळाला. महालेखापरीक्षकांच्या, म्हणजे कॅगच्या, अहवालांचं २०२४ च्या नोव्हेंबरात जे संकलन आलं, त्यात १८ राज्यांतल्या ३९३ शहरी संस्थांचा हिशेब होता : स्वतःच्या स्रोतांतून येणारं उत्पन्न सरासरी ३२ टक्के, आणि मंजूर पदांपैकी ३७ टक्के रिकामी. वर वायरमनचं सांगितलं ते या दुसऱ्या आकड्यात बसतं.

आता जिल्हा नियोजन समितीकडे येऊ. गंमत अशी की राज्यघटनेने ही समिती निधी वाटायला निर्माणच केलेली नाही. ७४ वी घटनादुरुस्ती १ जून १९९३ ला लागू झाली, तिच्यातलं कलम २४३ झेडडी काढून बघा. पंचायती आणि नगरपालिका आपापले आराखडे करतील, समिती ते एकत्र करून जिल्ह्याचा मसुदा आराखडा बनवेल, पाणीवाटप आणि पायाभूत सोयी यांचा मेळ घालेल. सदस्यांपैकी किमान चार पंचमांश जिल्हा परिषद आणि नगरपालिकांच्या निवडून आलेल्या सदस्यांनी आपल्यातून निवडायचे, तेही ग्रामीण-शहरी लोकसंख्येच्या प्रमाणात. पालकमंत्री हा शब्द घटनेत कुठेच नाही. अध्यक्ष कसा निवडायचा, ते राज्यांवर सोडलं. महाराष्ट्राने १९९८ च्या कायद्याने अध्यक्षपद पालकमंत्र्यांना दिलं, सदस्य सचिवपद जिल्हाधिकाऱ्यांना. त्याआधीचं जिल्हा नियोजन व विकास मंडळ याच धाटणीचं होतं, आणि लोकांच्या तोंडी अजून ‘डीपीडीसी’च आहे. लोकांचं बरोबर आहे. फार काही बदललेलं नाही.

गेल्या चार वर्षांत तर चार पंचमांशाचा भाग मोडीतच निघाला होता. ओबीसी आरक्षणाच्या खटल्यात निवडणुका अडकल्या, नगरपालिका आणि जिल्हा परिषदांवर प्रशासक बसले. जिथे नगरसेवक नाहीत तिथून समितीवर कोण जाणार? समित्या तरीही भरल्या, आराखडे मंजूर झाले, टाळ्या वाजल्या. आमदार सुचवतात, पालकमंत्री ठरवतात, प्रशासक अंमल करतात. सर्वोच्च न्यायालयाने मे २०२५ मध्ये बडगा उगारला नसता, तर हे अजून किती चाललं असतं कोण जाणे.

सगळं एका खुर्चीवर लटकलं की काय होतं, त्याचे दोन नमुने ताजे आहेत. २०२२ च्या जूनअखेरीस सरकार बदललं आणि पहिल्या काही दिवसांतच चालू वर्षाच्या जिल्हा योजनेतल्या कामांना स्थगिती आली, नवे पालकमंत्री येईपर्यंत. ते आले सप्टेंबरच्या शेवटी. अर्धं आर्थिक वर्ष गेलं. दुसरा नमुना २०२५ चा. १८ जानेवारीला पालकमंत्र्यांची यादी आली, दुसऱ्याच दिवशी रायगड आणि नाशिकच्या नावांना स्थगिती मिळाली, आणि मित्रपक्षांतली ही ओढाताण कित्येक महिने मिटली नाही. नाशिक म्हणजे तोंडावर सिंहस्थ असलेला जिल्हा. एका मंत्र्याच्या नेमणुकीसाठी इतका जीव काढण्यासारखं त्या पदात काय आहे, याचं उत्तर २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात सापडतं : जिल्हा वार्षिक योजनेच्या सर्वसाधारण भागासाठी २० हजार १६५ कोटी रुपये.

या विषयावर मला एकच तज्ज्ञ मनापासून पटतो, आणि त्याला जाऊन शंभरावर वर्षं झाली. गोपाळ कृष्ण गोखले. पुण्याच्या नगरपालिकेचे ते अध्यक्ष होते, त्यामुळे गटाराचा प्रस्ताव टेबलाटेबलांवरून कसा फिरतो हे त्यांनी खुर्चीत बसून पाहिलं होतं. ब्रिटिश सरकारने १९०७ मध्ये विकेंद्रीकरणावर रॉयल कमिशन नेमलं, त्यापुढे गोखल्यांनी १९०८ मध्ये साक्ष दिली. जिल्हा प्रशासनाचे तीन दोष त्यांनी तिथे मांडले : कारभार गुपचूप चालतो, तो निव्वळ नोकरशाहीचा आहे, आणि कागद खात्याखात्यांत अडकून पडतो. उपाय म्हणून कलेक्टरच्या जोडीला लोकांनी निवडलेल्यांचं जिल्हा मंडळ द्या, म्हणजे साध्यासाध्या गोष्टी जिल्ह्यातच मिटतील, असं त्यांचं म्हणणं. गावपंचायती आणि नगरपालिका यांनाही अधिकार आणि साधनं हवीत, नुसती कर्तव्यं नकोत. १९१५ मध्ये मृत्यूपूर्वी लिहिलेल्या टिपणातही त्यांनी जिल्हा मंडळांचा धागा सोडला नाही.

गोखले मवाळ म्हणून आपण त्यांना बाजूला ठेवलं. जहाल-मवाळ वादात ही साक्ष कुणाला आठवणार? पण आजच्या कुठल्याही जिल्हा नियोजन भवनात जा. इमारत चकचकीत, एसी, प्रत्येकापुढे माइक. कामांच्या अंतिम याद्या सभेत ठरत नाहीत. त्या आधीच ठरून येतात किंवा नंतर ठरवायचा अधिकार सभाच अध्यक्षांना देऊन टाकते. प्रशासकीय मान्यता, तांत्रिक मान्यता, निविदा, कार्यारंभ आदेश या वाटेत महिने जातात, आणि मार्चच्या शेवटच्या आठवड्यात बीडीएस, म्हणजे निधी वितरणाचा आदेश, निघावा म्हणून मुख्याधिकारी रात्री दहापर्यंत कोषागाराकडे डोळे लावून बसतात. गोखल्यांचे तिन्ही दोष जिवंत आहेत. दुसऱ्यात फक्त पुढाऱ्यांची भर पडली.

दुसरा रस्ता नाहीच असंही नाही. केरळने ऑगस्ट १९९६ मध्ये लोकयोजना मोहीम सुरू केली आणि राज्याच्या योजनेतला ३५ ते ४० टक्के पैसा स्थानिक संस्थांकडे सोपवायचं ठरवलं. कुणाला किती, ते सूत्राने ठरतं आणि अर्थसंकल्पाच्या परिशिष्टात संस्थेच्या नावासह छापलं जातं. तिथल्या जिल्हा नियोजन समितीचा अध्यक्ष जिल्हा पंचायतीचा अध्यक्ष असतो, मंत्री नव्हे. समिती आराखडे तपासते, पैशांची पुडकी वाटत नाही. मार्चअखेरची धावपळ केरळलाही चुकलेली नाही, आणि तिथल्या नगरपालिका श्रीमंत झाल्या असंही कुणी म्हणत नाही. पण आपल्या वाट्याला किती येणार हे तिथल्या नगराध्यक्षाला एप्रिलच्या आधी कळतं. त्यासाठी फोटो काढावा लागत नाही.

आता दुसरी बाजू, कारण सगळं खापर मुंबईवर फोडणं आपल्या नगरपालिकांना फार आवडतं. १९६५ च्या नगरपरिषदा अधिनियमात दर चार वर्षांनी कर आकारणीची फेरतपासणी आहे. चतुर्थ वार्षिक आकारणी असा तिचा भारदस्त उल्लेख होतो. ती जाहीर झाली की गावात मोर्चा निघतो, मोर्चाच्या पुढे सत्ताधारी नगरसेवकच असतात, आणि शेवटी मंत्रालयातून स्थगिती आणल्याबद्दल आमदारांचा सत्कार होतो. पाण्याचं बिल अनेक गावांत अजून अर्धा इंची नळाला वर्षाकाठी ठोक रक्कम. घरातल्या चार जणांना आणि लॉजला जवळपास एकच हिशेब. पंधराव्या वित्त आयोगाने शहरांना अनुदान देताना मालमत्ता कराचे किमान दर जाहीर करण्याची अट घातली, ती उगाच नाही. स्वतःच्या गाळ्यांचं भाडं वर्षानुवर्षं वसूल न करणारी नगरपालिका पालकमंत्र्यांपुढे पदर पसरते, तेव्हा माझी सहानुभूती जरा आटते.

तरीही आधी कुणी बदलावं, असं विचाराल तर मी राज्याकडेच बोट दाखवीन. मागून मिळतं म्हटल्यावर आपल्याच मतदारांवर पट्टी कोण लावेल? पाच टक्के कर वाढवून शिव्या खाण्यापेक्षा गाडी काढून जिल्ह्याच्या ठिकाणी जाणं सोपं. नगराध्यक्ष थेट जनतेतून निवडून आलाय, त्याच्यामागे अख्ख्या शहराचं मतदान आहे. एका वॉर्डात निवडून येणाऱ्यापेक्षा तो कर वाढवायला जास्त मोकळा असायला हवा. प्रत्यक्षात त्याची पहिली फेरी शिफारसपत्रासाठी होते. जिल्हास्तर नगरोत्थानमध्ये नगरपालिकेलाही आपला हिस्सा भरावा लागतो. तो कुठून भरणार, हे मागणीपत्रात लिहिण्याची पद्धत नाही.

दोन गोष्टींवर मात्र आता लक्ष ठेवायला हवं. पहिली, नगरपालिकेचं अंदाजपत्रक. फेब्रुवारीच्या विशेष सभेत ते बहुतेक ठिकाणी तासाभरात एकमताने मंजूर होतं. दुरुस्ती-देखभालीला किती, हे कुणी नगरसेवक उभं राहून विचारतो का बघा.

दुसरी गोष्ट, जिल्हा नियोजन समितीवर नगरपालिका क्षेत्रातून सदस्य पाठवायची निवडणूक. मतदार नगरसेवक, उमेदवारही नगरसेवक. पूर्वीचा अनुभव असा की नेते बसतात, पक्षनिहाय वाटणी करतात, आणि अर्ज मागे घेण्याच्या दिवशी सगळे बिनविरोध होतात. पेपरात दोन ओळी येतात, आतल्या पानावर. निवडून गेलेला सदस्य समितीच्या सभेत काय बोलला ते इतिवृत्तात असतं, आणि ते माहितीच्या अधिकारात कुणालाही मिळतं. अर्जाचं शुल्क दहा रुपये.