कृत्रिम पाय आणि कास्तकार

कास्तकाराचें भांडवल म्हणजे जमीन, बैल व बियाणें इतकेंच नव्हे. त्याचे दोन पायही त्याच भांडवलांत धरले पाहिजेत. रस्त्यावरील अपघात, यंत्राची इजा किंवा मधुमेहानें चिघळलेली जखम यांमुळें एखाद्याचा पाय कापावा लागला, म्हणजे घरचीं माणसें बहुधा असें समजतात कीं, आतां याची शेती संपली. हा समज कितपत खरा आहे आणि कृत्रिम पाय घेतांना काय पाहावें, हें प्रस्तुत लेखांत सांगण्याचा विचार आहे.

अंबड तालुक्यांतील आमच्या परिचयाच्या एका कास्तकाराचा डावा पाय अपघातांत गुडघ्याखालीं गेला. पुढें एका शिबिरांत त्यांस कृत्रिम पाय मिळाला. त्या शिबिराच्या यादींत त्यांच्या नांवापुढें ‘पाय दिला’ अशी खूण मींच माझ्या हातानें केली होती. वर्षभरानें त्यांच्या गांवीं जाण्याचा योग आला, तेव्हां तो पाय ओसरीवर खुंटीला टांगलेला आणि सात एकर जमीन बटईनें दिलेली आढळली. कारण विचारतां ते म्हणाले, “भाऊसाहेब, देणाऱ्यांनीं दिला. आतां ढिला झाला, आंत कातडें सोलतें, म्हणून कोणाकडे भांडायचें?” ज्या कामावर मीं खूण केली होती, तें काम पुरतें झालेंच नव्हतें, हें त्या दिवशीं मला समजलें.

कृत्रिम पायाचे मुख्य तीन भाग असतात : खालचें पाऊल, मधली नळी आणि उरलेला पाय ज्यांत बसतो ती खोबणी. यांपैकीं पावलाच्या बाबतींत आपल्या देशानें जगास एक मोठी देणगी दिली आहे. पाश्चात्य देशांतील पाऊल बुटांत घालून सपाट जमिनीवर चालण्याच्या हेतूनें केलेलें असे. त्याचा घोटा हलत नसे. आपला शेतकरी अनवाणी चालतो, उकिडवा बसून खुरपणी करितो, मांडी घालून जेवतो आणि ढेकळांतून व बांधावरून वाट काढतो. त्यास असलें पाऊल काय उपयोगाचें? ही अडचण जयपूर येथील सवाई मानसिंग रुग्णालयांतील अस्थिशल्यविशारद डॉ. प्रमोद करण सेठी व कारागीर रामचंद्र शर्मा यांनीं ओळखली, आणि १९६८ च्या सुमारास दोघांच्या खटपटीनें ‘जयपूर फूट’ या नांवानें प्रसिद्ध झालेलें पाऊल तयार झालें. डॉ. सेठी यांस १९८१ सालीं मॅगसेसे पारितोषिक मिळालें.

या पावलांत टाचेकडील व बोटांकडील भाग स्पंजासारख्या मऊ रबराचे असून घोट्याच्या ठिकाणीं लाकडाचा ठोकळा असतो. त्यांवर रबराचे थर व टायरांत वापरतात तसे मजबूत दोरे गुंडाळून, सर्व साच्यांत घालून उष्णतेनें एकजीव करितात. त्यामुळें पाऊल वर, खालीं व बाजूंस वळतें, उकिडवें बसतां येतें आणि जोड्याची गरज राहत नाहीं. चिखलपाण्यांतही तें चालतें. आपल्या काळ्या जमिनींत पावसाळीं काम करणाऱ्यास हा गुण केवढा मोलाचा आहे, तें सांगावयास नको. मधली नळी पूर्वीं ॲल्युमिनियमची असे; पुढें ती आपण शेतांत पाण्यासाठीं वापरतों त्या जातीच्या जाड प्लास्टिकच्या नळीपासून होऊं लागली. तिनें वजन व खर्च दोन्ही कमी झाले.

परंतु पाऊल कितीही चांगलें असलें, तरी खोबणी बसली नाहीं तर सर्व व्यर्थ होय. शस्त्रक्रियेनंतर कांहीं महिने उरलेल्या पायाची सूज उतरत जाते व तो बारीक होतो. म्हणून पहिली खोबणी ढिली होणें हा कोणाचा दोष नसून तें अपेक्षितच असतें. ती बदलून घ्यावी लागते. आमच्या परिचिताचें घोडें अडलें तें नेमकें येथेंच. रोग्यानें सांगितल्याप्रमाणें लवचीक पट्टी बांधावी, गुडघ्याखालीं उशी घेऊन निजूं नये, कारण त्यानें सांधा आंखडतो. रोज कातडें पाहावें; लाली किंवा फोड दिसल्यास पाय घालणें थांबवून कारागिरास दाखवावें. मोजे रोज धुवावे.

गुडघा शिल्लक असल्यास चालण्यास श्रम पुष्कळ कमी पडतात. म्हणून तो वाचवितां येईल काय, हें शस्त्रक्रियेपूर्वीं डॉक्टरांस अवश्य विचारावें. गुडघ्याच्या वर पाय गेलेल्यांसाठींही आतां बरीच सुधारणा झाली आहे. अमेरिकेंतील स्टॅनफर्ड विद्यापीठ व जयपूरची संस्था यांच्या सहकार्यानें २००९ च्या सुमारास एक स्वस्त गुडघा पुढें आला, आणि मद्रासच्या आय.आय.टी.नें २०२२ सालीं ‘कदम’ नांवाचा गुडघा प्रसिद्ध केला. हे गुडघे बिजागरीप्रमाणें एकाच खिळ्याभोवतीं न फिरतां अनेक दांड्यांच्या जोडणीनें वळतात; त्यामुळें ठेंच लागून पडण्याची भीति कमी होते. त्याच संस्थेनें २०१९ सालीं बसल्या माणसास उभें करणारी चाकांची खुर्चीही काढली. हाताविषयीं मात्र सावधपणें निवड करावी. विजेवर चालणारे हात नाजूक असतात. धूळ व पाणी यांत साधा आंकडा पुष्कळदां अधिक कामाचा ठरतो.

आपल्या राज्यांत पुणें येथें १९४४ सालीं युद्धांत जखमी झालेल्या सैनिकांसाठीं कृत्रिम अवयव केंद्र निघालें, व मुंबईस हाजी अली येथें केंद्र सरकारची पुनर्वसन संस्था १९५५ पासून आहे. जयपूर येथें १९७५ सालीं स्थापन झालेली भगवान महावीर विकलांग सहायता समिति पाय विनामूल्य बसविते. १९८१ पासून चाललेल्या केंद्र सरकारच्या योजनेखालीं गरजूंस साधनें मिळतात.

आतां कागदांविषयीं दोन शब्द, कारण माझा जन्म त्यांतच गेला. २०१६ च्या कायद्याप्रमाणें बहुतेक सवलतींस ४० टक्के अपंगत्वाचा दाखला लागतो. तो व त्याबरोबरचें ओळखपत्र आधीं काढून ठेवावें. अपघातानें अवयव गेल्यास शेतकऱ्यांसाठीं गोपीनाथ मुंडे यांच्या नांवाची सानुग्रह अनुदान योजना आहे : एक हात किंवा पाय गेल्यास १ लाख रुपये, दोन अवयव गेल्यास २ लाख रुपये. अर्ज तालुका कृषि अधिकाऱ्याकडे सातबारासह लवकर द्यावा, आणि पंचनामा त्याच वेळीं करून घ्यावा. मागाहून साक्षीदार व तारखा दोन्ही जुळत नाहींत.

आमच्या परिचितांनीं पुढें शहराच्या दोन खेपा करून नवी खोबणी घेतली. नांगरट मुलाकडे आहे. परंतु खुरपणी, कापसाची वेंचणी व पाण्याची पाळी ते स्वतः पाहतात, आणि बटईचा करार त्यांनीं दुसऱ्या सालीं मोडला. म्हणून शिबिरें भरविणाऱ्यांस व आपल्या संघाच्या सभासदांस विनंति एवढीच कीं, पाय वाटल्याच्या दिवशीं यादी बंद करूं नये. तीन महिन्यांनीं व पुन्हां वर्षानें प्रत्येकाच्या घरीं जाऊन विचारावें कीं, पाय अंगावर आहे कीं खुंटीवर. जो शेतांत चालतो, त्याच्याच नांवापुढें खूण करावी.