शेजारचं मांजर आणि आपला वाफा

(सामुदायिक रेडिओवर झालेलं भाषण)

आम्ही दोघी जावा आज तुमच्याशी बोलायला आलो आहोत. विषय ऐकून हसू येईल, पण ज्यांच्या घरी हे घडतं त्यांना हसू येत नाही. विषय आहे, शेजारच्या मांजरानं आपल्या परसबागेत केलेली घाण.

भातकापणी आटोपली, की आपण कोकणातल्या बायका मागीलदारी भाजीचे वाफे करायला घेतो. माती खणायची, ढेकळं फोडायची, शेणखत आणि राख मिसळून हातानं सारखी करायची. मुळा, लाल माठ, मेथी, कोथिंबीर पेरायची. आणि दोन दिवसांनी सकाळी चहाचा कप घेऊन कौतुकानं बघायला जावं, तर वाफ्याच्या मधोमध खड्डा, बी उधळलेलं आणि नाकात जाणारा तो वास! गेल्या वर्षी आमच्या तीन वाफ्यांपैकी दोन असे गेले.

त्या दिवशी आम्ही गडग्यावरून ओरडलो, “काकू, तुमच्या मांजराला आवरा!” पलीकडून उत्तर आलं, “मुक्या जनावराला मी काय शाळेत घालू?” झालं. पंचवीस वर्षांचा शेजार, पण पंधरा दिवस बोलणं बंद. त्यात कुणीतरी कानाशी येऊन सांगितलं, “भाकरीच्या तुकड्यात औषध घाला, एका रात्रीत प्रश्न मिटेल.” आणि घरात आमच्या थोरलीची लेक बाळंतपणासाठी माहेरी आलेली, सहावा महिना चालू. मांजराच्या घाणीनं पोटातल्या बाळाला धोका असतो, असं तिनं कुठंतरी वाचलेलं. पोरगी मागचं दार उघडायला घाबरायला लागली. तेव्हा आम्ही ठरवलं, आता आरडाओरडा पुरे, नीट माहिती घ्यायची. तिच्या डॉक्टरांना विचारलं, जनावरांच्या डॉक्टरांना विचारलं. जे कळलं आणि जे करून बघितलं, तेच आज सांगतो.

मांजर आपल्याच वाफ्यात का येतं?

मांजराला विधी उरकून तो मातीनं झाकायची सवय असते. त्यासाठी त्याला लागते मऊ, भुसभुशीत, कोरडी माती. आता सांगा, साऱ्या आवाराचा चिरा, खडी आणि तुडवून घट्ट झालेली जमीन सोडली, तर अशी माती कुठं असते? आपण घाम गाळून केलेल्या वाफ्यातच! म्हणजे मांजर आपल्यावर सूड उगवत नाही आणि शेजारीणही त्याला मुद्दाम पाठवत नाही. एकदा तिथं बसलं, की त्या वासाच्या मागानं ते पुन्हा तिथंच येतं. म्हणून उपाय दोन बाजूंनी करावा लागतो. आपली माती त्याला नकोशी करायची आणि दुसरीकडे त्याला हवीशी जागा द्यायची. नुसतं हाकलून भागत नाही. आपण घरात गेलो, की ते परत येतं.

पोटुशी बाईनं कशाला जपायचं?

आता आमच्या लेकीची भीती. ती अगदीच खोटी नव्हती. टॉक्सोप्लाझ्मा नावाचा एक अतिसूक्ष्म परजीवी आहे. मांजर त्याची लागण झालेला उंदीर किंवा कच्चं मांस खातं, तेव्हा तो त्याच्या पोटात जातो. मग साधारण एक ते तीन आठवडे त्याची अंडी मांजराच्या विष्ठेतून बाहेर पडतात. मांजराला ही लागण बहुधा पहिल्यांदा होते तेव्हाच ती पडतात, जन्मभर नाही. ताज्या विष्ठेतून लगेच लागण होत नाही, त्या अंड्यांना तयार व्हायला एक ते पाच दिवस लागतात. पण एकदा तयार झाली, की ओलसर, सावलीच्या मातीत ती वर्षभरसुद्धा टिकू शकतात.

बाईला गरोदरपणातच ही लागण पहिल्यांदा झाली, तर ती बाळापर्यंत पोचू शकते. त्यातून गर्भपात होऊ शकतो, किंवा बाळाच्या डोळ्यांना आणि मेंदूला इजा होऊ शकते. म्हणून डॉक्टरांनी लेकीला सांगितलं ते असं. मांजर अंगणात दिसलं म्हणून काही होत नाही. त्याच्या अंगावरून हात फिरवला, तरी हात धुतले की झालं. जपायचं ते मातीला, न धुतलेल्या भाजीला आणि अर्धवट शिजलेल्या मांसाला. गरोदर बाईनं वाफ्यात हात घालू नये, आणि घालावाच लागला तर हातमोजे घालावेत. मांजराची घाण तिनं उचलू नये. भाजी भरपूर वाहत्या पाण्याखाली धुवावी. मुळा, कोथिंबीर आपण कच्ची खातो, ती तर पान न् पान धुवावी. त्या दिवसांत ती शिजवूनच खाल्ली तर अधिक बरं. शंका असेल तर यासाठी रक्ताची तपासणी असते, ती आपल्या डॉक्टरांना विचारून करावी.

लहान मुलांचंही तेच. मांजराच्या पोटातल्या जंतांची अंडी मातीत मिसळतात आणि मातीत खेळणाऱ्या पोराच्या हातातून तोंडात जातात. खेळून आलं, की साबणानं हात धुणं आणि नखं कापलेली असणं, एवढं सांभाळलं तरी बराच धोका टळतो.

घाण कशी काढायची?

दिसली की त्याच दिवशी काढा. आत्ताच सांगितलं, अंडी तयार व्हायला निदान एक दिवस लागतो. म्हणजे रोजच्या रोज काढलं, तर धोका मुळातच कमी होतो. या कामाला एक जुनं खुरपं वेगळं ठेवा. हातमोजे नसतील तर हातात प्लास्टिकची पिशवी घाला, घाण भोवतीच्या ओंजळभर मातीसकट उचला, आणि पिशवी उलटी करून गाठ मारा. ती कचऱ्यात द्या. कचरागाडी येत नसेल, तर पिशवीतून काढून विहिरीपासून आणि भाजीपासून लांब, हातभर खोल खड्ड्यात पुरा. शेणखताच्या किंवा कंपोस्टच्या खड्ड्यात ती टाकू नका, घरगुती खत ही अंडी मरण्याइतकं तापेलच असं नाही. ब्लीचिंग पावडरीनंही ती मरत नाहीत. फरशी किंवा पायरी असेल, तर उकळतं पाणी ओता.

वाफा कसा राखायचा?

आम्हाला सगळ्यात उपयोगी पडली ती कोंबड्यांच्या खुराड्याची जाळी. बी पेरलं, की इंचभर भोकांची ही जाळी वाफ्यावर सपाट अंथरायची आणि कडा मातीत दाबून टाकायच्या. रोपं भोकांतून वर येतात, मांजराला मात उकरता येत नाही. जाळी नसेल तर बांबूच्या कामट्या किंवा झाडांच्या वाळक्या काटक्या चार-चार बोटांवर उभ्या रोवा. मांजराला बसायला आणि वळायला जागा लागते, ती मिळाली नाही की ते पुढं जातं. मोठ्या रोपांच्या बुंध्याशी करवंट्या पालथ्या घाला, नारळाची सोडणं किंवा चपटे दगड मांडा. माती झाकलेली राहिली, की ओलावाही टिकतो.

मासेमारीची जुनी जाळी आपल्याकडे सहज मिळते, तीही चालते. पण ती ताणून, घट्ट बांधा. सैल लोंबत राहिली, तर धामणीसारखे साप आणि पाखरं तिच्यात अडकून मरतात.

वाफ्याला पाणी संध्याकाळी द्या. मांजराचा वावर दिवेलागणीला आणि पहाटे जास्त असतो, तेव्हा माती ओली असली की त्याला ती आवडत नाही. आणि वाफा मोकळा ठेवू नका. पीक निघालं, की लगेच दुसरं पेरा किंवा झावळ्यांनी झाकून ठेवा.

संत्र्या-लिंबाच्या साली टाका म्हणतात. त्या वासानं काही मांजरं दूर राहतात, पण दोन दिवसांत साली वाळतात आणि वास जातो. निळीच्या पाण्याच्या बाटल्या मात्र आम्हीही ओळीनं मांडून बघितल्या. आमच्या मांजरानं एका बाटलीला अंग घासलं आणि शेजारीच खड्डा काढला!

हे मात्र करू नका

डांबरगोळ्या वाफ्यात टाकू नका. त्या मांजराला विषारी आहेत आणि घरातल्या पोरानं तोंडात घातल्या तर त्यालाही. फिनेल शिंपडू नका, ते पायांना लागतं, मांजर पाय चाटतं आणि विष पोटात जातं. तिखटाची पूड टाकू नका. ते त्याच्या डोळ्यांत जातं, आणि वाऱ्यानं आपल्याही.

आणि विष? त्याचा विचारही मनात आणू नका. जनावराला विष घालून मारणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम 325 खाली गुन्हा आहे, पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. मांजर पोत्यात घालून लांबच्या बाजारात सोडून येतात, तेही चूक. उपाशी मरेल अशा ठिकाणी जनावर सोडून देणं हा प्राण्यांना क्रूरतेनं वागवण्यास प्रतिबंध करणाऱ्या 1960 च्या कायद्याखाली गुन्हा आहे. शिवाय एक मांजर गेलं, की मोकळ्या झालेल्या जागेत दुसरं येतं. आणि विषाचा तुकडा कुणाचा कुत्रा, कुणाची कोंबडी किंवा कुणाचं रांगतं मूल उचलेल, हे कोण सांगणार?

शेजारणीशी कसं बोलायचं?

हे सगळ्यात अवघड, आणि खरं काम यानंच झालं. घाण दिसल्या दिसल्या जाऊ नका, तेव्हा डोकं तापलेलं असतं. चारचौघांत बोलू नका. आम्ही दुपारच्या वेळी काकूंच्या पडवीत जाऊन बसलो. “तुमचं मांजर” असं म्हणायचं नाही, हे आधीच ठरवलं होतं. थोरलीनं एवढंच सांगितलं, “काकू, लेक पोटुशी आहे, मातीचं भय वाटतं. आपण मिळून काही करू या का?”

काकू बराच वेळ बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, “हे आधी सांगितलं असतंत, तर मी कशाला भांडले असते? मला वाटलं, तुम्हाला ते मांजरच नकोय.” मुलं मुंबईला, घरात त्या एकट्या. भाताच्या कणग्यांना उंदीर लागू नयेत म्हणून आणलेलं मांजर आता त्यांच्या पायाशी झोपतं. हे आम्हाला माहीत होतं, पण रागाच्या भरात आठवलं नव्हतं.

तीन गोष्टी ठरल्या. पहिली, मांजरासाठी जागा. काकूंच्या मागच्या पडवीत, पाऊस लागणार नाही अशा कोपऱ्यात, दोन हात लांब-रुंद चौकटीत वीतभर कोरडी रेती घातली. सुरुवातीला आमच्या वाफ्यातली त्याच्या वासाची मूठभर माती त्या रेतीत मिसळली, म्हणजे त्याला जागा ओळखू येते. काकू ती रोज साफ करतात. जागा घाण राहिली तर मांजर तिथं फिरकत नाही. रेतीची अर्धी गोणी आम्ही दिली.

दुसरी, जंतांचं औषध. मोठ्या मांजराला ते साधारण दर तीन महिन्यांनी देतात, पण मात्रा पशुवैद्यकांना विचारूनच. माणसांच्या गोळ्या देऊ नका.

तिसरी, नसबंदी. भाटी पाच-सहा महिन्यांची झाली की गाभण राहू शकते, आणि नऊ आठवड्यांत पिल्लं होतात. वर्षातून दोन-तीन वेळा असं झालं, तर एका मांजराची किती होतील, तुम्हीच मोजा. बोक्याची नसबंदी केली, की त्याचं भटकणं आणि भिंतींवर मुताच्या चिळकांड्या मारणंही बहुतेक वेळा कमी होतं. आपल्या जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात सोय आहे का, याची चौकशी करा. काकूंच्या भाटीला आम्हीच रिक्षानं घेऊन गेलो. खर्च निम्मा-निम्मा केला.

मालक नसलेलं मांजर असेल, तरी याच तीन गोष्टी आहेत. फक्त ‘काकू’ कोण, ते आळीनं मिळून ठरवायचं. जी त्याला माशाचं डोकं घालते, तिच्यावर एकटीवर सगळं टाकू नका.

आता सगळं संपलं का? नाही. पावसात एकदा रेती भिजली, तेव्हा मांजर पुन्हा आमच्या अळवात आलं. पण त्या दिवशी काकूच गडग्यावरून म्हणाल्या, “थांबा गो, मी येते खुरपं घेऊन.” लेकीचं बाळंतपण सुखरूप झालं. नातीला बघायला पहिल्या काकूच आल्या. लाल माठ या वर्षी दोन्ही घरांना पुरला. मांजर गडग्यावर ऊन खात बसलेलं असतं. त्यानं गडगा ओलांडायचा थांबवलेला नाही. फक्त आमची माती आता त्याला तितकीशी आवडत नाही.

मैत्रिणींनो, पेरणीचे दिवस आलेत. या वर्षी बी पेरण्याआधी जाळी आणून ठेवा, आणि शेजारणीकडे एक फेरी मारा.