मिहानात घर कोणाला?

नागपूरच्या दक्षिणेला, वर्धा रोडला लागून, शिवणगाव, खापरी, कलकुही, तेल्हारा, दहेगाव, सुमठाणा या गावांच्या शेतजमिनी जोडत सुमारे 4 हजार हेक्टरांचा एक प्रकल्प उभा राहिला. नाव मिहान. तो उभारणारी महाराष्ट्र विमानतळ विकास कंपनी 2002 साली स्थापन झाली आणि ती सरकारचीच आहे. एवढी सलग सार्वजनिक जमीन आज राज्यातल्या फार थोड्या शहरांच्या हद्दीशी सापडेल. ती पुन्हा संपादित करायची नाही, कुणाशी घासाघीस करायची नाही. ती आधीच लोकांची आहे, निदान सातबाऱ्यावर तरी.

या जमिनीवर काय आलं, तेही लहान नाही. टीसीएस, इन्फोसिस आणि एचसीएल आल्या, ल्युपिनचा कारखाना आला, एअर इंडियाचं विमान दुरुस्ती केंद्र आलं. दहेगावात आयआयएमचा परिसर 2022च्या मे महिन्यात सुरू झाला. त्याच वर्षी 11 डिसेंबरला एम्सचं लोकार्पण झालं. मेट्रो तर 2019पासूनच खापरीपर्यंत धावते आहे. बहुतेक भूखंड दीर्घ मुदतीच्या भाडेपट्ट्यावर दिलेले. म्हणजे कंपनी कितीही मोठी असली, तरी तिच्या पायाखालची माती सरकारचीच.

आता एम्समधल्या कंत्राटी सफाई कामगाराचा विचार करा. वॉर्डातली आया, कॅन्टीनचा पोरगा, आयटी कंपनीच्या गेटवरचा रखवालदार हेही रोज मिहानातच येतात. त्यांनी राहायचं कुठे? मिहानात निवासी प्रकल्प झाला, महिंद्रा ब्लूमडेल हे त्यातलं ठळक नाव, पण तो पगारदार मध्यमवर्गासाठी. प्रधानमंत्री आवास योजनेत आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकांसाठी नागपूर महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाने घरं बांधली ती तरोडी (खुर्द)ला, शहराच्या पूर्व टोकाला. तिथून मिहान गाठायचं तर अख्खं नागपूर ओलांडावं लागतं. घर स्वस्त मिळालं, पण रोजच्या जाण्यायेण्यात खिसा रिकामा झाला, तर ते कितपत स्वस्त?

घराच्या किमतीत सिमेंट, लोखंड, मजुरी यांचा खर्च गावाबाहेर आणि शहरात जवळपास सारखाच असतो. फरक पडतो तो जमिनीमुळे. म्हणून सरकारी जमीन विकण्याऐवजी ती दीर्घ मुदतीच्या पट्ट्यावर, नाममात्र भाड्याने घरांसाठी द्यायची, ही कल्पना जगभर पुन्हा पुन्हा वर येते. राहणाऱ्याने फक्त भिंती आणि छत यांचे पैसे भरायचे.

नागपूरकरांना पट्टा नवा नाही. हे शहर वसवलं गोंड राजा बख्त बुलंद शाहने, अठराव्या शतकाच्या अगदी सुरुवातीला. मग भोसले आले. 1853 साली तिसरे रघुजी वारसाविना गेले आणि डलहौसीने राज्य खालसा केलं. इंग्रजी अमलात शहरातली जी जमीन सरकारकडे गेली, तिच्यातूनच विदर्भातल्या नझूल भूखंडांची परंपरा चालत आली. सिव्हिल लाइन्सपासून जुन्या वस्त्यांपर्यंत कितीतरी घरं अशा पट्ट्यांवर उभी आहेत. 1936च्या कायद्याने आलेल्या नागपूर सुधार प्रन्यासनेही तीस-तीस वर्षांच्या पट्ट्यावर भूखंड दिले. पण नूतनीकरणाचे खेटे आणि शर्तभंगाच्या नोटिसा यांना लोक कंटाळले. अखेर 2024 साली राज्य सरकारने निवासी नझूल जमिनी बाजारमूल्याच्या अवघ्या 2 टक्के रकमेत मालकी हक्काने देण्याची अभय योजना आणली. पट्टेदारांना दिलासा मिळाला, हे खरंच. मात्र त्यातला मोठा वाटा सिव्हिल लाइन्ससारख्या भागातल्या बंगलेवाल्यांना गेला, तर ती स्वस्ताई कोणासाठी होती, हे विचारायला हवं.

गरिबांच्या बाबतीत पट्ट्याने वेगळंच काम केलं. नागपुरात चारशेहून अधिक झोपडपट्ट्या आहेत आणि त्यांतल्या बऱ्याच सरकारी, महापालिकेच्या किंवा प्रन्यासच्या जागेवर. आवास योजनेत स्वतःच्या जागेवर घर बांधणाऱ्याला केंद्राचे दीड लाख आणि राज्याचा एक लाख असे अडीच लाख मिळतात, पण त्यासाठी जागेचा कागद लागतो. तो नसल्याने पिढ्यान् पिढ्या राहणारी माणसंही अपात्र ठरत. शासकीय जागांवरची अतिक्रमणं नियमानुकूल करण्याचा निर्णय झाला आणि पट्टेवाटप सुरू झालं, तेव्हा कुठे ही गाठ सुटू लागली.

मात्र जमीन सरकारी असली की घर आपोआप स्वस्त होतं, या भ्रमात राहू नये. सिडकोचंच पाहा. नवी मुंबईची जमीन सिडकोची, ती देते पट्ट्यावरच. तरीही 2025च्या जानेवारीत 26 हजार घरांच्या किमती जाहीर झाल्या, तेव्हा तळोज्यात दुर्बल घटकांसाठीचं घर 25 लाखांच्या पुढे आणि वाशीत अल्प उत्पन्न गटाचं घर 74 लाखांच्या आसपास होतं. वर्षाला तीन-सहा लाख कमावणाऱ्याने हे हप्ते कसे भरायचे? सार्वजनिक संस्थेनेही जमीन बाजारभावाने मोजली, तर ती बिल्डरपेक्षा वेगळी उरत नाही.

सिंगापूरने हा हिशेब जास्त कठोरपणे केला. 1966च्या कायद्याने जमीन सरकारकडे घेतली, गृहनिर्माण मंडळाने घरं बांधली आणि 99 वर्षांच्या पट्ट्यावर विकली. आज तिथले सुमारे 80 टक्के नागरिक याच घरांत राहतात. त्याची दुसरी बाजूही सिंगापूरनेच दाखवली. गेलांगमधल्या 191 खाजगी घरांचा 60 वर्षांचा पट्टा 2020च्या अखेरीस संपला आणि घरं सरकारजमा झाली, भरपाईविना. मुदत संपल्यावर काय, हे पहिल्याच दिवशी लिहून ठेवलं पाहिजे, ते यासाठी.

कॅनडातल्या एका उदाहरणात जमीनमालक सरकार नाही, तर मूळ रहिवासी आहेत. व्हँकुव्हरच्या किनाऱ्यावरच्या सेनाक्व या गावातून स्क्वामिश लोकांना 1913 साली हाकललं गेलं. न्यायालयीन लढ्यानंतर या शतकाच्या सुरुवातीला साडेदहा एकरांचा तुकडा परत मिळाला. तिथे आता 6 हजारांहून अधिक घरांचे मनोरे उभे राहत आहेत आणि त्यांतली सुमारे 1,200 परवडणाऱ्या भाड्याची. जमीन स्क्वामिश राष्ट्राची, पट्ट्याचं उत्पन्नही त्यांचं.

विदर्भातल्या आदिवासींच्या जमिनींशी याची तुलना जपून करावी लागते. आदिवासींची जमीन बिगर आदिवासींच्या हाती परस्पर जाऊ नये म्हणून महसूल संहितेत 36 अ कलम आहे. 2025च्या सप्टेंबरमध्ये महसूलमंत्री चंद्रशेखर बावनकुळे यांनी आदिवासींना आपली जमीन खाजगी व्यक्तीला भाड्याने देता येईल असा कायदा आणण्याची घोषणा केली. एकरी वर्षाला किमान 50 हजार भाडं, असा आकडाही सांगितला. आदिवासी संघटनांचा विरोध लगेच पुढे आला आणि तो अनाठायी नाही. स्क्वामिशांनी अख्ख्या समाजाच्या मतदानाने प्रकल्प ठरवला. इथे एकटा शेतकरी आणि समोर वकिलांसह आलेली कंपनी. करार दोघांचा असला, तरी जोर एकाचाच.

मिहानच्या शेतकऱ्यांनाही हा अनुभव आहे. जमिनी गेल्या, मग मोबदला आणि पुनर्वसनासाठी वर्षानुवर्षं हेलपाटे झाले. त्यामुळे उरलेल्या जमिनीवर परवडणारी घरं बांधायची झाली, तर पहिली रांग प्रकल्पग्रस्तांच्या मुलांची असायला हवी आणि तिच्या मागे तिथे राबणाऱ्या कंत्राटी कामगारांची. घरं खापरी स्थानकापासून चालत जाता येईल एवढ्या अंतरावर हवीत. निविदा काढताना जमिनीला जास्त भाव देणाऱ्याला नव्हे, तर घराची किंमत कमी ठेवणाऱ्याला पट्टा द्यावा. आणि घेणाऱ्याला घर विकायचंच असेल, तर ते विमानतळ विकास कंपनीलाच, ठरलेल्या दराने, म्हणजे पुढच्या गरजूलाही ते तेवढ्यातच मिळेल. बँका कर्ज देताना पट्ट्याची उरलेली वर्षं मोजतात, म्हणून मुदत 99 वर्षांची असलेली बरी. यातलं काहीच नवं नाही. सगळं कुठे ना कुठे करून पाहिलेलं आहे.

विमानतळ विकास कंपनीचे अध्यक्ष राज्याचे मुख्यमंत्री असतात, आणि सध्याचे मुख्यमंत्री नागपूरचेच आहेत. तेव्हा या निर्णयासाठी फाइलला फार लांबचा प्रवास करावा लागणार नाही.