संकेतस्थळाचे नाव कोणाच्या नावावर?



या अंकात बेणेप्रक्रियेवर लिहिणार होतो. पण आपल्या गटातील एका रोपवाटिकेचे यंदा जे झाले ते पाहून विषय बदलावा लागला.

हे सभासद को ८६०३२ ची रोपे तयार करतात. चार वर्षांपूर्वी भाच्याच्या मित्राने त्यांना इंटरनेटवर संकेतस्थळ काढून दिले. फलकावर, टेम्पोवर तेच नाव रंगवले. शेजारच्या जिल्ह्यातूनही मागणी येऊ लागली. यंदा जूनमध्ये, आडसालीच्या बुकिंगच्या ऐन दिवसांत, संकेतस्थळ उघडेचना. चौकशी केली तेव्हा कळले की नावाची मुदत संपली. मुलगा सांगेल तेव्हा आपले सभासद पैसे देत. यंदा कोणी सांगितलेच नाही. नोंद होती मुलाच्या नावे, त्याच्या कॉलेजातल्या ई-मेलवर. तो नोकरीला बेंगळुरूला गेला, जुना ई-मेल उघडणे त्याने केव्हाच सोडले होते. मुदतीच्या सूचना तिकडेच पडून राहिल्या.

उसाची नोंद मेहुण्याच्या नावे केली तर बिल कोणाच्या खात्यावर जाते? खत-पाणी तुम्ही घातले म्हणून शेतकी खाते तुमच्या नावे बिल काढील का? इथेही तोच प्रकार.

संकेतस्थळाच्या नावाला डोमेन नेम म्हणतात. आपण ‘विकत घेतले’ म्हणतो, पण ते सातबाऱ्यासारखे कायमचे नसते. एक ते दहा वर्षांच्या मुदतीने नोंदवायचे आणि मुदत संपण्याआधी फी भरून नूतनीकरण करायचे. डॉट इन नावांची मुख्य नोंदवही दिल्लीच्या निक्सी या संस्थेकडे आहे, डॉट कॉमची व्हेरिसाइन या अमेरिकन कंपनीकडे. आपला संबंध मात्र मधल्या रजिस्ट्रार कंपनीशी येतो. तिच्या दप्तरी ज्याचे नाव, तो धनी. आणि त्या खात्याचा ई-मेल व पासवर्ड ज्याच्या हातात, त्याच्या हातात कारभार. आमचे सभासद म्हणाले, “मग स्टॅम्पवर लिहून घेतो की!” जरूर घ्यावे, पुढे वाद झाला तर उपयोग होतो. पण खरेदीखतानंतर फेरफार करावा लागतो, तसा दप्तरातला बदल वेगळा करावाच लागतो.

यात दोन कामांची लोक गल्लत करतात. धन्याचे नाव बदलणे हे एक आणि रजिस्ट्रार बदलणे हे दुसरे. आपल्याला बहुधा पहिलेच हवे असते. त्यासाठी सोपा मार्ग असा: त्याच रजिस्ट्रारकडे स्वतःच्या नावाने, स्वतःच्या ई-मेलने खाते उघडावे आणि मुलाला ते नाव त्याच्या खात्यातून तुमच्या खात्यात सरकवायला सांगावे. मग नोंदीत धनी म्हणून स्वतःचे नाव लागले की नाही हे डोळ्यांनी पाहावे. खाते बदलले म्हणजे नाव बदललेच असे नाही.

रजिस्ट्रारच बदलायचा तर जुन्या खात्यातून नावाचे कुलूप काढावे लागते आणि एक गुप्त कोड मिळतो. तो नव्या रजिस्ट्रारला द्यायचा. हा कोड म्हणजे सही केलेला कोरा चेक समजा, व्हॉट्सअॅपच्या ग्रुपवर टाकू नका. डॉट कॉमला यात एका वर्षाची फी पडते, पण मुदतही एक वर्षाने वाढते. आठवडाभर धरून चाला. नवी नोंदणी झाल्यावर ६० दिवस नाव हलवता येत नाही. धन्याचे नाव बदलल्यावरही बरेच रजिस्ट्रार तेवढेच अडवतात, म्हणून दोन्ही करायचे तर आधी रजिस्ट्रार बदला, मग नाव.

नाव म्हणजे दुकानावरची पाटी. दुकानातला माल, म्हणजे फोटो, दरपत्रक, मजकूर, दुसऱ्या जागी ठेवलेला असतो. त्याचे भाडे वेगळे, पासवर्ड वेगळा. मुलाकडून तोही मागून घ्या, नाहीतर पाटी तुमच्याकडे आणि दुकान त्याच्याकडे.

मुदत संपली तरी लगेच सगळे जात नाही. डॉट कॉमला रजिस्ट्रार ४५ दिवसांपर्यंत सवलत देऊ शकतो, पण सगळेच तेवढी देत नाहीत. त्यानंतरचे ३० दिवस सोडवणुकीचे, आणि तेव्हा फी नेहमीच्या कितीतरी पट. मग आणखी ५ दिवसांनी नाव कोणालाही घ्यायला मोकळे. आमच्या सभासदांचे नाव या सोडवणुकीच्या दिवसांत सापडले. मुलगा भला, फोन करताच रात्री बसून काम करून दिले. रोपांच्या मागण्या मात्र तोवर दुसरीकडे गेल्या होत्या आणि ट्रेमधली रोपे वयात येऊन बसली. भांडण झालेले असते किंवा मुलगा सापडलाच नसता तर काय, याचा विचार ज्यांची संकेतस्थळे पुतण्याने किंवा दुकानदाराने काढून दिली आहेत त्यांनी आजच करावा. धनी वारल्यास वारसांना मृत्यूचा दाखला घेऊन रजिस्ट्रारशी पत्रव्यवहार करावा लागतो. तेव्हा निदान रजिस्ट्रार कोण, खाते कोणत्या ई-मेलवर, एवढे घरातल्या वहीत लिहिलेले असावे.

आपल्या नावाची मुदत कधी संपते आणि रजिस्ट्रार कोण, हे मोबाइलवर कोणालाही पाहता येते. ज्यांना जमत नसेल त्यांनी बाजारच्या दिवशी गट ऑफिसात यावे, दाखवून देऊ. पासवर्ड मात्र आम्हालाही सांगू नये.

— ऊस विकास अधिकारी