मोतीबिंदू पिकायची वाट कशाला?

भंडारा जिल्ह्यात धानाची रोवणी, कापणी, चुरणी यांत वर्ष निघते आणि मोतीबिंदू ‘अजून पिकला नाही’ म्हणून मागे पडतो. मोतीबिंदू म्हणजे बाहुलीमागचे भिंग गढूळ होणे. कंदिलाची काच काजळावी तसे. पूर्वी ते अखंड काढत, म्हणून थांबण्याला अर्थ होता. आता फेको (ध्वनिलहरींनी भिंग फोडून शोषून घेणे) पद्धतीत दोन-तीन मिलिमीटरची चीर पुरते. भिंग टणक झाले की फोडणेच अवघड जाते. अति पिकल्यास डोळ्यातला दाब वाढून नजर कायमची जाऊ शकते. तांदळातला खडा दिसेनासा झाला की डोळे दाखवावेत. शस्त्रक्रियेनंतर काही आठवडे मात्र चुरणीच्या धुळीपासून लांब राहावे, आणि डोळा लाल होऊन दुखू लागला तर त्याच दिवशी दवाखाना गाठावा.