उज्जैनचा वेताळ, परदेशी वर्गात

अर्जी बोर्जी खान. हे नाव मोठ्यानं दोन-तीनदा म्हणून बघा. काही आठवतंय?

मंगोलियातल्या एका जुन्या कथाग्रंथाच्या नायकाचं हे नाव. त्याच पुस्तकात बिगरमिजिद नावाचा आणखी एक थोर राजा येतो. पहिल्यांदा वाचताना ही गवताळ मैदानातल्या घोडेस्वारांची नावं वाटतात. पण अर्जी बोर्जी म्हणजे आपला राजा भोज आणि बिगरमिजिद म्हणजे विक्रमादित्य! आपली ‘सिंहासन बत्तिशी’च तिकडे गेली आणि वाटेत नावं घासून गुळगुळीत झाली.

गोष्टही ओळखीची आहे. वासरं राखणारी पोरं रोज एका टेकाडावर धावत चढतात. जो आधी पोचेल तो त्या दिवसाचा राजा. आणि टेकाडावर बसलेला तो पोरगा असे निवाडे देतो की दरबारातल्या शहाण्यांनी तोंडात बोटं घालावीत. एकदा एका माणसाचं हुबेहूब रूप घेऊन एक राक्षस येतो. खरा कोण, हे राजालाही ठरवता येत नाही. पोरगा एक सुरई मागवतो. जो हिच्यात शिरेल तो खरा! राक्षस हौसेनं आत शिरतो आणि पोरगा वरून बूच लावून मोकळा होतो. पुढे ते टेकाड खणतात तेव्हा खाली बत्तीस पुतळ्यांचं सिंहासन निघतं. भोज त्यावर बसायला जातो, तर एकेक पुतळी त्याला अडवते आणि विक्रमाची गोष्ट सांगून विचारते, तुझ्यात हे आहे का?

आज उज्जैनला महाकालाच्या देवळामागे, रुद्रसागरात, सिंहासनावर बसलेला विक्रम आणि भोवती त्या बत्तीस पुतळ्या उभ्या केल्या आहेत. पुतळ्या मोजणाऱ्या शाळकरी पोरांना सांगावंसं वाटतं की अरे, हीच गोष्ट याक राखणाऱ्या पोरांनीही ऐकली आहे!

नाव झिजण्याचा अनुभव खुद्द उज्जैन शहरालाही आहे. भारतीय ज्योतिषाची शून्य रेखा उज्जैनवरून जायची. हे गणित अरबीत गेलं तेव्हा ‘उज्जैन’चं झालं ‘उझैन’, आणि कुणा नकलनविसाकडून एक नुक्ता सुटला म्हणून ‘अरीन’. मग लॅटिन पुस्तकांत शेकडो वर्षं ‘अरीन’ हे पृथ्वीच्या मध्यावरचं अद्भुत ठिकाण म्हणून नांदलं. एका नुक्त्यानं आख्खं शहर हरवलं आणि दुसरंच जन्माला आलं.

पण मला जास्त कौतुक आहे ते वेताळाचं.

आमच्या पिढीला तो ‘चांदोबा’तून भेटला. राजा विक्रमाच्या खांद्यावर वेताळ शिरलेलं प्रेत, हातात तलवार, मागे वठलेलं झाड, या चित्राला भिऊनही आम्ही पान उलटायचो. राजानं ते प्रेत न बोलता न्यायचं, आणि वाटेत वेताळ गोष्ट सांगून प्रश्न विचारणार. त्याची अट मोठी अवघड आहे. उत्तर माहीत असून गप्प बसलास तर डोक्याची शकलं होतील; आणि बोललास तर मी चाललो परत झाडावर. म्हणजे हुशारी हीच राजाची पंचाईत. प्रत्येक बरोबर उत्तराला शिक्षा एकच, पुन्हा पहिल्यापासून. इतका कडक मास्तर मी दुसरा पाहिला नाही.

हा राजा मुळात उज्जैनचा होता का? इथे मराठी माणसानं कान टवकारावेत. सोमदेवानं काश्मीरमध्ये सुमारे 1070 साली ‘कथासरित्सागर’ रचला, त्यात या राजाचं नाव त्रिविक्रमसेन आहे आणि त्याची राजधानी गोदाकाठचं प्रतिष्ठान. म्हणजे आपलं पैठण! पुढच्या लोकप्रिय रूपांत तो उज्जैनचा विक्रम झाला. पैठण आणि उज्जैन यांची ओढाताण तशीही जुनीच आहे: एकाचा शालिवाहन शक, दुसऱ्याचा विक्रम संवत, आणि दोघांत 135 वर्षांचं अंतर. आपण गुढीपाडव्याला शालिवाहनाचं नाव घेतो आणि दिवाळीच्या पाडव्याला गुजराती शेजारी विक्रमाचं. वेताळाच्या बाबतीत उज्जैननं बाजी मारली, एवढं मान्य करायला हवं.

तिबेट-मंगोलियात हा वेताळ पोचला तेव्हा त्याचं सिद्धीकूर झालं, म्हणजे सिद्धी असलेलं प्रेत. राजाच्या जागी एक राजपुत्र आला; त्याला पाठवणारा गुरू मात्र नागार्जुन. व्होल्गा नदीकाठच्या काल्मिक लोकांकडून या गोष्टी बेंजामिन बेर्गमान नावाच्या प्रवाशानं 1802-03 मध्ये ऐकून उतरवून घेतल्या आणि जर्मनमध्ये छापल्या. म्हणजे वेताळ चालत चालत युरोपच्या उंबऱ्यापर्यंत गेला होता. सिंधुदुर्गात आरवलीच्या वेतोबाला, म्हणजे वेताळालाच, लोक चामड्याच्या भल्यामोठ्या चपला वाहतात. देव रात्री गावभर फिरतो, त्याच्या चपला झिजतात म्हणून. या वेताळाला किती जोड लागले असतील!

आता गंमत बघा. सिद्धीकूर प्रश्न विचारतच नाही. तो फक्त गोष्ट सांगतो, आणि इतकी रंगवून सांगतो की शेवटी राजपुत्राच्या तोंडून ‘अरेरे’ किंवा ‘वा’ निघून जातं. बोललास! म्हणत प्रेत पसार. आपला राजा बुद्धीमुळे हरतो, त्यांचा राजपुत्र जीव रमल्यामुळे. आत भरलेल्या गोष्टीही बऱ्याचशा वेगळ्या आहेत; सांगाडा आपला, मांस तिकडचं. खरं सांगायचं तर गोष्ट ऐकणाऱ्याची जास्त खरी ओळख मला त्यांच्याकडे दिसते.

आणि मग हा वेताळ खरोखरच्या वर्गात शिरला.

1800 साली कलकत्त्यात फोर्ट विल्यम कॉलेज निघालं. विलायतेहून आलेल्या, मिसरूडही न फुटलेल्या कंपनीच्या पोरांना देशी भाषा शिकवायच्या, पण त्या भाषांत गद्य पाठ्यपुस्तकं नव्हतीच. मग पंडितांनी काय काढलं? विक्रमाच्या गोष्टी! मृत्युंजय विद्यालंकारांनी 1802 मध्ये बंगालीत बत्तिशी लिहिली. लल्लूलाल आणि मजहर अली खान ‘विला’ यांनी हिंदुस्थानीत ‘बैताल पचीसी’ केली, आणि ती पुढे कित्येक वर्षं इंग्रज अंमलदारांना परीक्षेला होती. मराठी शिकवायला विल्यम कॅरी होते, आणि त्यांचे पंडित वैजनाथ शर्मा. वैजनाथांची मराठी ‘सिंहासन बत्तिशी’ 1814 मध्ये श्रीरामपूरला छापून निघाली, आरंभीच्या छापील मराठी पुस्तकांपैकी एक. म्हणजे मराठी छापील गद्य पाळण्यात असताना त्याला अंगाई म्हणून उज्जैनची गोष्ट मिळाली, आणि ऐकायला बसलेली पोरं सातासमुद्रापलीकडची.

चित्र डोळ्यांसमोर आणा. परकी पोरं अडखळत वाचताहेत: या आसनावर बसायची तुझी लायकी आहे का? विभक्तीचे प्रत्यय त्यांनी पाठ केले असतील. पुतळीचा प्रश्न आपल्यालाच आहे, हे किती जणांच्या ध्यानात आलं असेल, देव जाणे. पुस्तक निघालं आणि चारच वर्षांत पेशवाई बुडाली.

त्याआधी अकबरानंही हा धडा गिरवला होता. 1574 च्या सुमारास त्यानं आपल्या दरबारातल्या बदायुनीला बत्तिशी फारसीत करायला लावली. बदायुनी पक्का कर्मठ, काम जिवावर आलेलं. पण एका ब्राह्मणाला अर्थ सांगायला बसवून त्यानं ते केलं. पुस्तकाला नाव मिळालं ‘खिरद-अफझा’, अक्कल वाढवणारं.

वेताळाच्या एका गोष्टीनं तर येरझाऱ्याच घातल्या. देवीसमोर एकीचा नवरा आणि भाऊ आपापली मुंडकी कापून घेतात, आणि ती घाईत मुंडकी उलटसुलट जोडते. आता नवरा कोणता? ज्याच्या धडावर नवऱ्याचं डोकं तो, असं राजा उत्तर देतो. जर्मन लेखक थॉमस मानला हे उत्तर पटलं नसावं. भावाच्या जागी मित्र घालून त्यानं 1940 मध्ये जर्मनमध्ये लघुकादंबरी लिहिली. माथेरानला जन्मलेल्या गिरीश कर्नाडांनी त्यावरून कन्नडमध्ये ‘हयवदन’ हे नाटक केलं, खानोलकरांनी ते मराठीत आणलं, आणि विजया मेहतांनी ते वायमारला जाऊन जर्मन नटांकडून जर्मनमध्ये बसवलं. डोकं एकाचं, धड दुसऱ्याचं, भाषा तिसऱ्याची.

एक प्रश्न मात्र राजालाही सुटला नाही. बाप-लेक वाटेत दोन बायकांच्या पाऊलखुणा बघतात. ठरतं की मोठ्या पावलांची बापाची बायको, लहान पावलांची लेकाची. भेट झाल्यावर कळतं की त्या मायलेकी आहेत, आणि मोठी पावलं लेकीची! दिला शब्द पाळतात. बापाला मुलगी मिळते, मुलाला आई. पुढे दोघींनाही मुलं होतात. ती मुलं एकमेकांची कोण?

काका? मामा? भाचा? नातू? कागद घेऊन बसा, रेघा मारून बघा. राजानंही मनात मारल्या असाव्यात. त्याला उत्तर येईना, म्हणून तो पहिल्यांदाच गप्प राहिला. आणि प्रेत खांद्यावरच राहिलं.